ग्रंथालयाचं ॲप की मोबाइलवर नीट चालणारं संकेतस्थळ?

विद्यापीठ ग्रंथालयाच्या मोबाइल सेवेचा विषय निघाला की पहिली मागणी ॲपची होते. विद्यार्थ्याला फोनवर हवं असतं ते मात्र थोडकंच: पुस्तक जागेवर आहे का, मुदत वाढवता येईल का, वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा आहे. एवढ्यासाठी ॲप डाउनलोड करायचा बहुतेकांना कंटाळाच.

स्क्रीनप्रमाणे मांडणी बदलणारं संकेतस्थळ मला इथे सरस वाटतं. गूगलवर शोधणारा थेट हव्या त्या पानावर उतरतो, आणि वेळापत्रक बदललं तर दुरुस्ती एकाच जागी. ग्रंथालय सांभाळायचं कोहा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा ओपॅक, म्हणजे वाचकांसाठीची ऑनलाइन ग्रंथसूची, मोबाइलवर चालतोच. अर्धं काम तिथेच झालं. ॲपला अँड्रॉइड आणि आयओएस दोन्ही सांभाळावे लागतात. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली की पुन्हा डागडुजी, आणि ती करणारा माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला!

ॲपची जमेची बाजू म्हणजे परतीच्या तारखेची सूचना. पण 2023 मधल्या आयओएस 16.4 पासून, होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपलाही, म्हणजे ॲपसारखं उघडणाऱ्या संकेतस्थळालाही, आयफोनवर पुश सूचना पाठवता येतात.

ई-जर्नल्सचं लॉगिन दोन्हीकडे तितकंच त्रासदायक. ती पानं प्रकाशकांची असतात, ग्रंथालयाची नव्हे.