'जुना स्टॉक' म्हणून विकलेला आय-७

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ऑफिसांतून डेस्कटॉपचे ढीग बाहेर पडायला लागले. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायचं तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं आणि इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचा हवा. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रंही एका रात्रीत बाद ठरली. बाद म्हणजे भंगारात नव्हे. पुसूनबिसून ती पुन्हा दुकानात येतात. वापरलेलं यंत्र वापरलेलं म्हणून विकलं तर माझी काहीच तक्रार नाही. मला ते 'जुना स्टॉक, अनयूज्ड' म्हणून विकलं गेलं.

गोव्यात डिचोलीला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं सेंटर आहे. गृह आधार या सरकारी योजनेचे अर्ज, पॅनकार्ड, जत्रेच्या नाटकांची हँडबिलं, असलं काम. जुना कॉम्प्युटर दमला होता, म्हणून म्हापशातल्या एका दुकानात गेलो. समोर दोन पर्याय आले. एक नवा, बाराव्या पिढीचा आय-३, ४३,००० रुपयांना. दुसरा दहाव्या पिढीचा आय-७, १६ जीबी रॅम, २९,५०० ला. दुकानदार म्हणाला, "कंपनीनं नवं मॉडेल काढलं, म्हणून हे उरले. खोक्यातून बाहेरही काढले नाहीत." विंडोज ११ चालेल ना, पुढचे अपडेट येतील ना, पिढी नक्की कुठली, हे सगळं मी विचारलं. पिढी तर व्हॉट्सअॅपवर लिहूनच मागितली. "आय७-१०७००, टेन्थ जन, अनयूज्ड, तीन वर्षं वॉरंटी" असा मेसेज आला, आणि पाठोपाठ तोंडी आश्वासन: "कांयच जावचें ना, बाब!" (काहीही होणार नाही.)

दहाव्या पिढीला विंडोज ११ चालतं, म्हणजे हिशेब बरोबर होता. खोटा होता तो माल.

यंत्र चाललं, छापलं, कुरकुरलं नाही. मग विंडोजचं मोठं वार्षिक अपडेट येईना. सेटिंग्जमध्ये एक ओळ दिसत होती: हा पीसी किमान अटी पूर्ण करत नाही. फोन केला तर "नेट स्लो असेल" हे उत्तर. शेजारचा मुलगा फर्मागुडीला इंजिनियरिंग करतो. तो आला, टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये गेला आणि विचारलं, "काका, कोर चारच कसे?"

कोर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, थ्रेड म्हणजे ते एका वेळी हाताळतात ती कामं. आय७-१०७०० ला आठ कोर आणि सोळा थ्रेड असतात. इथे चार आणि आठ. वर नाव मात्र ऐटीत 'आय७-१०७००'. त्याने कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, सुरू होता होता एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, शिरला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत स्पष्ट लिहिलेलं: आय७-६७००. सहावी पिढी, २०१५ चा प्रोसेसर. विंडोजला नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतून, पुरवलं जातं आणि ते तिथे बदलता येतं. रिस्टार्ट केल्यावर ते मूळपदावर जातं, म्हणून दुकानाने एक छोटी स्क्रिप्ट बसवली होती. दर वेळी विंडोज सुरू झालं की ती नाव पुन्हा बदलायची. कमालीची मेहनत! एवढी अक्कल सरळ धंद्यात लावली असती तर बरं झालं असतं.

मग एकेक बाहेर पडायला लागलं. डबा उघडला तर पत्र्यावरच्या दहाव्या पिढीच्या स्टिकरखाली आधीच्या स्टिकरच्या डिंकाचा चौकोन. स्क्रूंची डोकी झिजलेली, मागच्या पोर्टांच्या कडेला तांबूस गंज, आमच्याकडचे पावसाळे काढलेल्या यंत्राला येतो तसा. सीरियल नंबरचा पट्टा खरवडलेला. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं, तर 'अनयूज्ड' एसएसडीवर (माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) ३१,००० च्या वर तास चाललेले. दिवसाचे चोवीस तास धरले तरी साडेतीन वर्षं. कमांडच्या काळ्या खिडकीत 'एसएलएमजीआर /एक्सपीआर' (इंग्रजी अक्षरांत) टाकल्यावर ओरिजिनल म्हणून दिलेल्या विंडोजची मुदत संपण्याची तारीख आली. विकत घेतलेल्या कायमच्या लायसन्सला अशी तारीख नसते. मोठ्या ऑफिसांसाठी असलेल्या, आपोआप पुन्हा १८० दिवसांनी वाढणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेशनची पळवाट वापरली होती.

आणि तो नाकारलेला आय-३? बाराव्या पिढीच्या आय३-१२१०० लाही चारच कोर, आठ थ्रेड. म्हणजे संख्येत माझ्या 'आय-७' इतकेच, पण प्रत्येक कोर कितीतरी जलद, आणि अपडेटची कटकट नाही. आय-३, आय-५, आय-७ हे आकडे एकाच पिढीतल्या यंत्रांना एकमेकांशी ताडायला ठीक. पिढी बदलली की त्यांना पुसत नाही कोणी. डॅशनंतर येणारे आकडे वाचायचे: ६७०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. जुनं घ्यायला हरकत नाही. आठव्या पिढीचा आय५-८५०० 'वापरलेला' म्हणून, सीरियल नंबर लिहिलेल्या बिलासह कमी किमतीत मिळाला, तर माझ्यासारख्या सेंटरला तो पुष्कळ झाला. सूट मात्र तेव्हाच्या छापील किमतीवर मोजू नका. आज तेच यंत्र वापरलेलं कितीला मिळतं, त्यावर मोजा.

बिल हा आणखी एक प्रकार. माझ्या हातात 'एस्टिमेट' लिहिलेला कागद पडला होता, 'डेस्कटॉप सेट' एवढाच उल्लेख असलेला. पक्कं बिल मागितल्यावर "जीएसटी वर लागेल" म्हणाले. गोव्यातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक ३० ने सुरू होतो आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघता येतो. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानदाराने तो वाचवला तो माझ्यासाठी नव्हे.

परत न्यायला गेलो तेव्हा मालक म्हणाला, "धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही." हे ऐकून पुष्कळ जण परत फिरत असतील. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला संरक्षण नाही हे खरं, पण स्वतःच्या रोजीरोटीसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्हॉट्सअॅपचा तो मेसेज, बायोसचा फोटो, यूपीआयची पावती जोडली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हेही मालकाला सांगितलं. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आहे.

हेल्पलाइनचा फोन गेल्यावर दुकानातून आवाज बदलला. आधी "दुसरा आय-७ देतो", मग "निम्मे घ्या, यंत्र ठेवा". निम्म्याला नाही म्हटलं. आता पूर्ण पैसे तीन हप्त्यांत द्यायला तयार झाले आहेत. पहिला आला आहे. तोवर यंत्र माझ्याकडेच आहे, आणि डब्याचं झाकण मी अजून लावलेलं नाही.