दोन्ही टोकांना आर्मर्ड केबल, मध्ये साधी वायर

इंदूरजवळ राऊकडे आमचं घर आहे. मागे साठ फुटांवर एक सुटी खोली. आईसाठी ती नीट केली, गीझर आणि वॉशिंग मशीन तिथे नेलं आणि घरापासून जमिनीखालून लाईन टाकायचं काम एका ठेकेदाराला दिलं. त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं: तांब्याची तीन कोरची (आत तीन तारा असलेली) 4 चौरस मिमी आर्मर्ड, म्हणजे बाहेरून धातूचं कवच असलेली केबल, अडीच फूट खोल चर, खाली-वर वाळू, त्यावर विटा. 19,000 रुपये.

पहिल्या दिवशी मी उभी होते तोवर चर बरोबर अडीच फूट होता. दुसऱ्या दिवशी देवासला साखरपुड्याला जावं लागलं. संध्याकाळी परतले तर चर बुजवून वर पाणीसुद्धा मारलं होतं. दोन्ही भिंतींवर जाड काळी केबल, तिचं टोक घट्ट धरणारे ग्लँड, सगळं व्यवस्थित दिसत होतं. मी पैसे दिले.

जुलैत पाऊस लागला आणि आरसीसीबी हा सुरक्षेचा स्विच सारखा पडू लागला. ‘मैडम, बारिश में तो गिरता ही है,’ म्हणत त्याने तो काढून साधा एमसीबी बसवला आणि वर 1,200 घेतले. हे मी त्याला कधीच माफ करणार नाही. एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तरच पडतो. करंट गळायला लागला की 30 मिलिअँपिअरच्या आत लाईन तोडून माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. चार दिवसांनी मशीनमधून ओले कपडे काढताना आईच्या हाताला झिणझिण्या आल्या.

माझा भाचा पीथमपूरला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तो आला, आधी मेन बंद केला आणि टॉर्च घेऊन केबलवरची अक्षरं वाचायला लागला. बऱ्याच कंपन्या केबलच्या आवरणावर दर मीटरला चढता आकडा छापतात. घराच्या भिंतीवर 412 होता, खोलीच्या भिंतीवर 414. मध्ये अठरा मीटर जमीन! एकाच तुकड्याचे दोन भाग करून दोन्हीकडे दिसण्यापुरते लावले होते.

खणलं. जेमतेम नऊ इंचांवर भिंतीत घालतात तसला पातळ पीव्हीसी पाईप निघाला, आत दोन साध्या वायरी. अर्थिंगची तिसरी नव्हतीच. तीन ठिकाणी नुसती टेप गुंडाळलेले जोड. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत पाईपचे सांधे सुटून पाणी थेट जोडांवर गेलं होतं. कोणी तिथे कुदळ मारली असती तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

म्हणून विनवते, केबल चरात पडलेली स्वतः बघितल्याशिवाय माती लोटू देऊ नका. दोन्ही टोकांचे आकडे वाचा, त्यांचा फरक लांबीशी जुळला पाहिजे. मोजपट्टीने चर किती खोल आहे ते मोजा, फोटो काढा. पैसे द्यायच्या आधी 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, तपासून घ्या. निदान एक मेगाओम तरी यायलाच हवा, नव्या केबलला तर कितीतरी जास्त येतो. आणि आरसीसीबी पडतोय म्हणून कोणी तो काढायला निघाला, तर त्याला तिथेच थांबवा.

भाच्याने महाराणी रोडवरून केबल आणून सगळं नव्याने केलं. ठेकेदार फोन उचलत नाही, पैसे बुडाले. मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीत एका बंगल्याबाहेर त्याचीच माणसं चर खणताना दिसली. मी आत जाऊन त्या काकूंना 412 आणि 414 चा फोटो दाखवून आले.