नसेचा आजार: एनसीव्ही-ईएमजी की एमआरआय?

हाताला मुंग्या येतात, पकड सैल पडलीय? मग माझ्या मते आधी एनसीव्ही-ईएमजीच. नसेतून संदेश किती वेगाने जातो ते यातल्या एनसीव्हीत मोजता येतं. मनगटात दबलेल्या मीडियन नसेत (पंजाकडे जाणारी एक मुख्य नस) तो नेमका तिथेच मंदावतो. ईएमजीत स्नायूतली विजेची हालचाल सुईने बघतात; ती टोचते खरी, पण निभतं. मात्र ताज्या इजेत ईएमजीवर स्नायूतले बदल दिसायला 2-3 आठवडे जातात.

एमआर न्यूरोग्राफीत, म्हणजे नसांच्या खास एमआरआयत, सुजलेली नस टी2 चित्रात (ज्यात पाणी उजळ दिसतं) त्याआधीच उजळ दिसते. शिवाय मानेपासून काखेपर्यंतचं ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) किंवा ओटीपोटातल्या खोल नसा, जिथे इलेक्ट्रोडचं फारसं चालत नाही, तिथली गाठ एमआरआयच दाखवतो. पण उजळ म्हणजे आजारीच असं नाही: चुंबकीय क्षेत्राशी साधारण 55 अंशांत असलेली निरोगी नसही तशीच चमकते.