सहा गाड्या, मेंदू एक की सहा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये कास्टिंग (ओतीव भाग) वाहणाऱ्या सहा स्वयंचलित गाड्या आहेत आणि एमपीसी (पुढच्या काही पावलांचा बेत दर पावलाला नव्यानं आखणारी नियंत्रण पद्धत) वापरायचं ठरलंय, इथपर्यंत धरून चालू. गणित सोडवायचं कुठं, एवढंच ठरायचंय.

केंद्रीय पद्धतीत एकच सर्व्हर सगळ्यांचं सोडवतो. उत्तर सर्वांत चांगलं इथंच मिळतं आणि लॉगही एका जागी सापडतात. गाडीमागं दोन इनपुट (गाडीला द्यायचे हुकूम), २० पावलांचा होरायझन (किती पुढचं आखायचं ते; एक पाऊल १०० मिलिसेकंदांचं), म्हणजे सहा गाड्यांचे २४० चल. १५ जोड्यांची टक्कर दर पावलाला टाळायची, म्हणजे ३०० बंधनं. १०० मिलिसेकंदांत साधा डेस्कटॉपही हे ओढतो. बारा गाड्या झाल्या की जोड्या ६६ होतात, तेव्हा मात्र विचार करावा लागेल. गाडीला फक्त पहिला इनपुट न पाठवता पूर्ण २० पावलं पाठवा आणि शेवट शून्य वेगावर ठेवा, म्हणजे संपर्क तुटला तरी ती आखलेल्या वाटेवरच थांबते.

दुसरी एडीएमएम, म्हणजे मोठं गणित तुकड्यांत वाटून फेऱ्याफेऱ्यांनी जुळवायची पद्धत. प्रत्येक गाडी आपापलं सोडवते आणि एकमत होईतो शेजारणींशी घासाघीस करते. कागदावर देखणी पद्धत आहे. पण घोडं पेंड खातं ते वायफायवर. एका पावलात २० फेऱ्या आणि फेरीला ८ मिलिसेकंद धरले तर १६० होतात. पाऊल आहे १०० चं. त्यात प्रत्येक फेरी सर्वांत हळू गाडीसाठी थांबते. एक गाडी एका ॲक्सेस पॉइंटवरून (वायफायची पेटी) दुसऱ्यावर गेली, किंवा ईओटी क्रेन (छताखालून सरकणारी) मोठा जॉब घेऊन मधून सरकली, की एक निरोप अडकतो आणि बाकीच्या पाचजणी ताटकळतात. फेऱ्या पाचवर तोडल्या तर एकमत अर्धवट राहतं: कोपऱ्यावर दोघींनाही वाटतं, समोरची थांबणार. मल्टिकास्ट (एकच निरोप सगळ्यांना एकदम) वापरलं असेल तर आणखी वाईट, कारण वायफायवर त्याची पोच येत नाही. हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलंच जात नाही. टेबलावर केबल लावून तपासताना यातलं काहीच दिसत नाही. आमच्या मते निकाल इथंच लागतो.

तिसरी पाळीची, उसाच्या पाण्यासारखी. जिची पाळी ती सोडवते, आपला २० पावलांचा बेत एकदाच जाहीर करते. बाकीच्या तो पक्का धरतात. निरोप हरवला तर जुना बेत एक पाऊल पुढं सरकवून वापरायचा. यासाठी बेताचा शेवट शून्य वेगावर हवा. दीड मीटर प्रतिसेकंद वेगाची गाडी १ मीटर प्रतिसेकंद वर्ग मंदनानं दीड सेकंदात थांबते, दोन सेकंदांच्या होरायझनमध्ये बसते. भरलेली गाडी निम्म्याच मंदनानं थांबत असेल तर तीन सेकंद लागतात. तिथं होरायझन वाढवावाच लागतो. जाहीर बेतापासून १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त ढळायचं नाही, आणि शेजारणीनं तेवढं अंतर जादा सोडायचं. बेतावर पावलाचा क्रमांक नको, घड्याळाची वेळ हवी, आणि घड्याळं क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमनं जुळवलेली. १०० मिलिसेकंद जुना बेत ताजा समजला की आणखी १५ सेंटीमीटर गेले.

तोटा आहेच. पहिलीला मोकळी वाट आणि शेवटचीला उरलेली, म्हणून भरलेल्या गाडीची पाळी आधी ठेवावी. अरुंद गल्लीत दोघी समोरासमोर आल्या तर तिन्ही पद्धती अडकू शकतात. गल्ली एकमार्गी करून जमिनीवर बाण रंगवणं स्वस्त पडतं.

चारच गाड्या असतील आणि सगळ्या एका ॲक्सेस पॉइंटखाली फिरत असतील तर केंद्रीय पद्धत खुशाल घ्या. त्यापुढं आमचा कल पाळीकडं. तरी घेण्याआधी लिनक्सच्या नेटएमनं (नेटवर्क मुद्दाम बिघडवून पाहायचं साधन) १० टक्के पॅकेट मुद्दाम पाडा आणि गाड्या रिकाम्या नाही, भरून फिरवा.