सायकलसाठी स्पेनला: ऐबार की जिरोना?

आठवड्याची रजा, पासपोर्टवर शेंगेन व्हिसा आणि डोक्यात सायकल. एवढ्या भांडवलावर स्पेनला निघालेल्याला मी आधी एकच विचारतो: सायकल चालवायची आहे, की ती घडली कुठे तेही बघायचं आहे? नुसती चालवायची असेल तर कॅटलोनियातलं जिरोना. घडण बघायची असेल तर बास्क मुलखातलं ऐबार, जे टूरवाल्यांच्या यादीत सहसा सापडत नाही.

ऐबार दिसायला देखणं नाही, हे आधीच सांगतो. अरुंद दरी, सत्तावीसेक हजार वस्ती, जागेअभावी कारखाने आणि घरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. इथे पिढ्यानपिढ्या बंदुका बनल्या. आज सायकलींसाठी ओळखली जाणारी ओर्बेआ ही १८४० सालची बंदुकांचीच पेढी. सायकलींचंच दुसरं नाव बीएच म्हणजे बेइस्तेगी बंधू, तेही १९०९ मध्ये शस्त्रांपासूनच सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर मागणी आटली आणि कारागिरांनी दुसरं काम शोधलं. पोलादी नळीशी हात बसलेला होताच. बंदुकीच्या नळीवरून ते सायकलच्या फ्रेमवर आले. १९३२ पासून गावातून माद्रिदपर्यंत आणि परत अशी शर्यत भरू लागली. १९३५ ची पहिलीवहिली वुएल्ता, म्हणजे स्पेनभरची मोठी सायकल शर्यत, बेल्जियमच्या गुस्ताफ देलोरने जिंकली, ती बीएचच्या सायकलवर. पुढे ओर्बेआ कामगारांनीच सहकारी तत्त्वावर चालवायला घेतली. साखर कारखान्यांमुळे सहकार आपल्याला नवा नाही, पण तिथे मालक म्हणजे खुद्द कामावरची माणसं.

गोम अशी, की ओर्बेआचा कारखाना आता शेजारच्या मायाबियात आहे आणि बीएच कधीच व्हितोरियाला गेली. गावात उरलंय ते शस्त्रोद्योगाचं संग्रहालय आणि अराते हा डोंगर. अरातेचा चढ जेमतेम पाच किलोमीटरचा, पण सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दम काढणारा. वर देऊळ आहे. एप्रिलमधली इत्झुलिया ही बास्क मुलखाची सायकल शर्यत इथे आली की चढावर अख्खं गाव लोटतं.

जिरोनाचा सायकलशी संबंध त्या मानाने कालपरवाचा. गेल्या पंचवीसेक वर्षांत परदेशी व्यावसायिक सायकलपटू इथे राहायला आले. त्यांच्यामागून भाड्याच्या सायकलींची दुकानं, कॅफे आणि गाइड आले. बनवण्यापेक्षा सेवा देऊन पैसा मिळवणारं हे शहर, आणि पाहुण्याला तेच सोयीचं. बार्सिलोनाहून वेगवान रेल्वेने चाळीसेक मिनिटं. नवख्यांसाठी ओलोटकडे जाणारी जुन्या नॅरोगेजवरची वाट, कसलेल्यांसाठी दहा किलोमीटरचा रोकाकोर्बाचा चढ. मधल्यांसाठी एल्स आंजेल्सचा चढ. वरच्या देवळात १९५८ साली चित्रकार साल्वादोर दालीने गाला नावाच्या आपल्या सहचारिणीशी लग्न केलं होतं.

खाण्यात मात्र ऐबारला तोड नाही, अर्थात मासे-मांस चालत असेल तर. बारच्या फळीवर मांडलेले पिंचोस (पावावर काहीबाही रचलेले छोटे घास), कॉड मासा, जाडजूड बीफ, जोडीला सफरचंदाची सायडर. शाकाहारी माणसाचा निभाव बटाट्याच्या ऑम्लेटवर (अंडं चालत असेल तर), तळलेल्या गेर्निका मिरच्यांवर आणि मेंढीच्या दुधाच्या इदियाझाबाल चीजवर (ते बहुधा कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, ते चालत असेल तर) लागतो. जिरोनात तो सुखी: टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेली वांगी-मिरच्यांची एस्कालिवादा (वर अँचोवी हे खारे मासे नको म्हणून सांगा), मनुका घातलेला पालक. आणि शुशो: आत क्रीम भरलेला, तळून साखरेत घोळवलेला. रोकाकोर्बा चढून आलेल्याने दोन खाल्ले तर माफ आहे.

पहिलाच प्रवास असेल, बरोबर घरचे असतील किंवा सायकल भाड्याने घ्यायची असेल तर उगाच घोळ घालू नका, जिरोनाच. फक्त जुलै-ऑगस्टचं ऊन टाळा. माझं मन ऐबारकडे ओढतं, पण सात दिवस तिथे काढा असं कुणालाही सांगणार नाही, दोन पुरे. भाड्याच्या सायकलची सोय बिल्बाओ किंवा सान सेबास्तियानला बघावी, दोन्हीकडून ऐबारला लोकल गाडी येते. एप्रिलमध्ये इत्झुलियाचं वेळापत्रक जुळलं तर पाच दिवस जिरोना आणि दोन ऐबार असं बसवता येईल. रेनकोट मात्र ऐबारसाठी वेगळा ठेवा. तिथे पाऊस ऋतू बघून येत नाही.