बीएएसएलपी, विशेष शिक्षक की भाषाशास्त्र?

बारावी सायन्सचा निकाल लागला की दर वर्षी दोन-तीन मुलं तरी विचारायला येतात, "मॅडम, स्पीच थेरपीला जाऊ का?" थोडं बोललं की कळतं, एखादीला शाळेत शिकवायचंय, कुणाला हॉस्पिटलमधलं काम हवंय आणि कुणाला भाषेचंच वेड आहे. या तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत: शाळेसाठी विशेष शिक्षक, हॉस्पिटलसाठी बीएएसएलपी (वाचा आणि श्रवणाच्या उपचारांची पदवी) आणि भाषेसाठी भाषाशास्त्र.

माझ्याकडे थेरपीला एक चार वर्षांचा मुलगा येतो. 'काका'ला 'ताता' म्हणतो. 'क'साठी जिभेची मागची बाजू वर जायला हवी, त्याच्या जिभेचं टोकच दातांकडे धावतं. मी आरसा समोर ठेवते, चमच्याच्या दांड्याने टोक हलकेच खाली दाबते आणि 'क' म्हणायला लावते. पन्नासदा म्हटल्यावर एकदा जमतं. तो 'क' घरी जेवताना सहज यायला पुढे महिने जातात. हे पन्नास वेळा करायला ज्याला मनापासून आवडेल, त्याने बीएएसएलपी करावं.

ही चार वर्षांची पदवी, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. वाचेइतकंच श्रवणही शिकावं लागतं: ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणं), बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी चाचणी), हिअरिंग एड, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र). ध्वनीचं फिजिक्स पहिल्या वर्षीच गाठतं, तेव्हा 'फिजिक्स सुटलं एकदाचं' म्हणून इकडे येऊ नका. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठात हा कोर्स आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. फी परवडते, पण मुंबईत राहण्याचा खर्च धरून हिशोब करा. प्रवेशाचे नियम दोन्हीकडचे वेगळे, माहितीपत्रकं नीट वाचा.

विशेष शिक्षकाचं काम मला तितकंच मोलाचं वाटतं. ज्या मुलीला 'क' ऐकूच येत नाही, तिला वाचन, गणित, गोष्टी आणि त्यातून भाषा द्यायची, तीही रोज, वर्गात. इम्प्लांटचं बाहेरचं मशीन ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) लावून देतो. पण ऐकलेल्याचा अर्थ लागायला शिक्षक आणि आई लागते. कर्णबधिरांच्या शिक्षणाचा दोन वर्षांचा डी.एड. बारावीनंतर करता येतो, बी.एड. पदवीनंतर. लवकर कमावणं गरजेचं असेल तर हा मार्ग खरंच बघा.

आणि 'मराठी मूल आधी त म्हणतं आणि क नंतर, असं का?' किंवा 'चमचा' आणि 'चहा' यांतला 'च' वेगळा का, याच प्रश्नांनी झोप उडत असेल, तर कोणतीही पदवी घेऊन येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्रात एमए करा. १८२१ पासूनची जुनी संस्था, ग्रंथालय सुंदर. मात्र एक लक्षात ठेवा: भाषाशास्त्राच्या एमएवर थेरपी देता येत नाही. त्यासाठी १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती मान्यताप्राप्त कोर्स केल्यावरच मिळते. विशेष शिक्षकांनाही हीच नोंदणी लागते. त्यामुळे कोणत्याही कॉलेजची फी भरण्याआधी 'परिषदेची मान्यता यंदा चालू आहे ना?' हे लेखी विचारा.

फॉर्म भरायच्या आधी एखाद्या थेरपिस्टच्या खोलीत आणि एखाद्या कर्णबधिर शाळेत एकेक सकाळ बसून या. मुलांच्या पालकांची परवानगी घ्यावी लागते, म्हणून आठवडाभर आधी फोन करा.