लसूण तेलाच्या कॅप्सूल: 60 ची डबी, 380 रुपये

सासऱ्यांना 18 वर्षांचा मधुमेह. दिवाळीत टाचेला भेग पडली ती चिघळली, गॉजवर हिरवट डाग यायला लागले आणि स्वॅबच्या रिपोर्टात निघाला स्यूडोमोनास नावाचा जिवाणू. औषधं आणायला गेले तर दुकानदाराने अँटिबायोटिकसोबत ही डबीही पुढे सरकवली. "मॅडम, ही जंतू मारत नाही, त्यांचं बोलणंच बंद करते!" मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हे ऐकल्यावर डबी तिथेच ठेवून येणं मला जमणार नव्हतं.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. जिवाणू सतत बारीकसे रेणू बाहेर सोडत असतात. ते पुरेसे साठले की गणपूर्ती झाली म्हणायची आणि मग सगळे एकदम विष सोडतात, चिकट थर बांधतात. (आमच्या सोसायटीत गणपूर्ती नसली तर तीच सभा अर्ध्या तासाने पुन्हा भरते. जिवाणूंना ही सवलत नाही.) लसणातलं अजोईन नावाचं द्रव्य स्यूडोमोनासच्या या कारभारात खोडा घालतं, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं. स्पॅनिशमध्ये लसणाला 'आहो' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. वर्गात सांगितलं की दरवर्षी हशा पिकतो.

पण अजोईन अख्ख्या पाकळीत नसतं. लसूण ठेचला की अ‍ॅलिसिन तयार होतं, ते तेलात मुरलं की अजोईन. वाफेवर काढलेल्या लसूण तेलात ते मिळत नाही. डबीवर नुसतं 'लसूण तेल'. मुरवलेलं की वाफेचं, एक अक्षर नाही. कंपनीला फोन केला तर "शंभर टक्के नैसर्गिक आहे मॅडम."

मग लॅबमध्येच लावून पाहिलं. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम नावाचा जिवाणू गणपूर्ती झाली तरच जांभळा होतो. तेल अगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, पसरत नाही, म्हणून सहा कॅप्सूल फोडून अर्क अल्कोहोलमध्ये काढला. घरी ठेचून दोन दिवस तेलात मुरवलेल्या लसणाचाही तसाच काढला. दोन्ही अर्क कागदाच्या एकेका चकतीवर (डिस्कवर) टाकून त्या जिवाणूंच्या प्लेटवर ठेवल्या, तिसऱ्या डिस्कवर नुसतं अल्कोहोल. 30 अंशांवर रात्रभर ठेवलं. सकाळी घरच्या लसणाच्या डिस्कभोवती ताकासारखं फिकट कडं होतं. वाढ भरपूर, रंग नाही. म्हणजे जिवंत, पण मुके. कॅप्सूलच्या डिस्कभोवती कडेपर्यंत पिकल्या जांभळासारखा रंग, अल्कोहोलच्या डिस्कसारखाच.

एका प्लेटवरून निकाल देऊ नये, मान्य. आणि प्लेट म्हणजे माणूस नव्हे: इंग्लंडमध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या, फुफ्फुसात हाच स्यूडोमोनास असलेल्या 26 रुग्णांवर तेलात मुरवलेल्या लसणाच्या कॅप्सूलची 8 आठवड्यांची चाचणी झाली होती, 2010 मध्ये छापून आली. ठळक फरक दिसला नाही. तेव्हा घरचं लसूण तेलही कुणी जखमेवर ओतू नका, आग होईल ती वेगळीच.

मला खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. सासरे रक्त पातळ करायची गोळी घेतात. तिच्यासोबत लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, ही सूचना ना डबीवर, ना दुकानदाराच्या तोंडी.

पाचपैकी एक तारा, तोही झाकण घट्ट बसतं म्हणून. कपाटात वास आला नाही. जखम डॉक्टरांच्या ड्रेसिंगने आणि अँटिबायोटिकने भरत आलीय. उरलेल्या 54 कॅप्सूल प्रॅक्टिकलला दिल्यात. निगेटिव्ह निकाल कसा दिसतो, हे दाखवायला वर्षभर पुरतील.